ओढ्यापर्यंतचे तीस मैल

८ ऑगस्ट, शुक्रवार

ठरलं. एकवीस तारखेला निघायचं. एकटीनं!

वीस वर्षं झाली हायकरांसाठीचं हे हॉस्टेल चालवतेय. जॉर्जियापासून दोन हजार मैल तुडवत आलेली पोरं माझ्याकडे आंघोळ करतात, पोटभर जेवतात आणि मेन राज्यातल्या या शेवटच्या शंभर मैलांच्या रानात शिरतात. मी मात्र त्या रानात अर्ध्या दिवसाच्या पुढे कधी गेले नाही. मला शंभर नकोतच. तीस पुरेत. चार दिवसांत होतील. पलीकडे लाकडाचे ट्रक जातात त्या कच्च्या रस्त्यावर मर्ल गाडी घेऊन येईल.

मर्ल म्हणजे माझा दीर. हायकर पोरांची ने-आण तोच करतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "चौसष्ट वर्षांची झालीस व्हर्ना! जिना उतरताना कण्हतेस, आणि डोंगर चढणार?"

चढणार.

९ ऑगस्ट

पाठपिशवी काट्यावर ठेवली. चौतीस पौंड! पोरांना मी ज्ञान पाजते — वीसच्या वर गेलं की घरी पाठवा म्हणून. आता बसले स्वतःचं उपसायला. दुसरा स्वेटर काढला. बिडाचा तवा काढला. तवा पाहून बिस्किट हसून हसून लोळली. ही टेनेसीची पोरगी पायाला आलेले फोड बरे होईपर्यंत मुक्कामाला आहे. खरं नाव कोण जाणे, वाटेवर सगळ्यांची टोपणनावंच चालतात.

"मिस व्हर्ना, तवा नेताय, मग कोंबडीही न्या की!"

खूप दिवसांनी हसले.

११ ऑगस्ट

खाण्याचं बघितलं. ओटमील, शेंगदाण्याचं लोणी, बटाट्याची पूड, सुकवलेल्या ब्लूबेरी. रानात पुरवठ्याची बादली आधी नेऊन ठेवतो आम्ही, ती माझ्यासाठीही भरली. झाकणावर नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. किती जणांची नावं लिहिली असतील अशी झाकणांवर! त्याचंही मीच लिहिलं होतं. ती बादली मर्लनं तशीच परत आणली, न उघडलेली.

१२ ऑगस्ट

लिहून टाकते एकदाचं.

एमरी कूचर. बँगोरचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. दर उन्हाळ्याच्या शेवटी दोन आठवडे रजा काढायची आणि या वाटेचा एक तुकडा चालायचा, असं बारा वर्षं. घराजवळचा तुकडा शेवटी ठेवलेला. माझ्याकडे मुक्कामाला आला, रात्री जेवताना बायकोचा फोटो दाखवला, मुलाचा दाखवला. "पुढच्या वर्षी मुलाला घेऊन पहिल्यापासून सुरू!" म्हणाला.

हे सहा वर्षांपूर्वीचं, ऑगस्टातलं. दोन रात्री वर डोंगरात पाऊस कोसळला होता. तिसाव्या मैलाच्या ओढ्यात तो वाहून गेला. अर्धा मैल खाली सापडला.

जंगलखात्याचे वॉर्डन चौकशीला आले तेव्हा मी सांगितलं, पाणी चढलंय, एक दिवस थांबा, असं त्याला म्हटलं होतं मी. पेपरात तसंच छापून आलं — 'मालकिणीने सावध केले असतानाही.'

त्या ओढ्याशी जायचंय मला. उभं राहायचंय. बस.

१४ ऑगस्ट

गुडघ्याला पट्टा बांधून तलावाला दोन फेऱ्या मारल्या. पाठीवर सव्वीस पौंड. जमतंय! दुपारभर पाय बर्फात.

१५ ऑगस्ट

अॅनेटची नाताळची कार्डं खणात आहेत. एमरीची बायको. दर वर्षी न चुकता पाठवते. आज पुन्हा वाचली. वाचू नयेत.

'त्याचा हट्ट आम्हाला माहीत होता. तुम्ही तर सांगितलं होतंत. मनाला लावून घेऊ नका.'

आणि गेल्या वर्षीचं — 'ट्रेव्हर आता तेवीसचा झाला. बापाचं नाव काढलं की उठून जातो. म्हणतो, त्यांना थांब म्हटलेलं असताना ते गेले, आमचा विचार केला नाही. बारा वर्षांचे फोटो-नकाशे सगळं जाळून टाकलं त्यानं.'

हे वाचून मी काय केलं? खण लावला आणि पॅनकेकचं पीठ भिजवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

मर्ल तंबूच्या खुंट्या मोजत होता. मध्येच म्हणाला, "का जातेयस ते मला माहितेय."

"काय माहितेय?"

"मी तिथंच होतो, व्हर्ना. कॉफी ओतत होतो."



त्या सकाळी अकरा जण टेबलावर होते. मी अंडी तळत होते. एमरी दारात येऊन म्हणाला, "पुढच्या ओढ्यांना पाणी कसं आहे?" मी ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. एकाला टोस्ट हवा होता, एकाला जॅम. त्यानं परत विचारलं. मी वळलेही नाही. "घोट्यापर्यंत असेल, जा बिनधास्त!" म्हणाले. मला काही माहीत नव्हतं. फोन करून विचारता आलं असतं; वरच्या मुक्कामाचा नंबर भिंतीवर होता, माझ्या डोक्यापाशी.

"आभारी आहे," म्हणाला. जाताना प्लेट स्वतः धुऊन ठेवली.

म्हणजे मी त्याला थांबवलं तर नाहीच. वर, तो मेल्यावर, दोष त्याच्यावर ढकलला.

"सहा वर्षं गप्प का बसलास?" मी मर्लला विचारलं.

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग वाटलं, आता बोललो तर तुझं काय राहील? हॉस्टेल जाईल, लोक थुंकतील. तू माझ्या भावाची बायको आहेस." मग खुंट्या पिशवीत टाकत म्हणाला, "पण ओढ्याला सांगून काय होणार? ज्यांना सांगायचंय त्यांच्या घरापर्यंत डांबरी सडक जाते. दीड तासात पोचशील."

मी त्याच्यावर ओरडले. नको ते बोलले. तो खुंट्या ठेवून निघून गेला.

१८ ऑगस्ट

मर्ल आला नाही. पोरांना मीच सोडून आले.

१९ ऑगस्ट

हवा कोरडी. चारही दिवस ऊन सांगितलंय. ओढ्यांना पाणी कमी. सगळं कसं जुळून आलंय!

बिस्किट आज गेली. जाताना विचारलं, "मिस व्हर्ना, एकटीनंच का?" म्हटलं, एका माणसाची माफी मागायचीय. ती म्हणाली, "मग तो भेटणार आहे ना तिकडे?"

मी तिला सँडविच बांधून दिलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

निघाले सातला. मर्ल आला होता. मला गाडीत बसवलं, वाटेच्या तोंडाशी सोडलं. पट्टे आवळून दिले. "ओढा ओलांडताना कमरेचा पट्टा सोड," एवढंच म्हणाला. मलाच सांगतोय! पाय घसरला तर पाठपिशवी झटकून टाकता यावी म्हणून हजार पोरांना सांगितलंय मी हे. एमरीला त्या सकाळी नाही सांगितलं.

वाट सुरेख होती. स्प्रूसच्या झाडांचा वास, पायाखाली मुळं, कुठेतरी लून पक्षी ओरडत होता. गुडघा ठीक. दोन मैल झाले, अडीच झाले. एका खडकावर बसून पाणी प्यायले आणि लक्षात आलं, मला हे जमणार आहे. चार दिवस चालेन, ओढ्याशी रडेन, मर्ल घ्यायला येईल, घरी येऊन मला हलकं वाटेल. आणि बँगोरात तो पोरगा बापाचं नाव काढलं की उठून जातच राहील.

जमण्यासारखं होतं म्हणूनच निवडलं होतं मी हे. दुसरं काही नाही.

उठले. परत फिरले. उतरताना गुडघ्यानं जीव काढला.

मर्ल तिथंच होता. गाडीच्या बोनेटवर बसून लाल हॉट डॉग खात होता. पाच तास! "गेला का नाहीस?" म्हटलं. म्हणाला, "ऊन छान होतं."

२२ ऑगस्ट

अॅनेटला फोन केला. रविवारी येऊ का विचारलं. आनंदली बिचारी. "बीन्स करते," म्हणाली. "ट्रेव्हरही असेल, पण त्याच्यासमोर एमरीचा विषय नको हं."

मी "बरं" म्हणाले. आणखी एक खोटं.

वॉर्डनच्या कचेरीलाही पत्र लिहिलं. आज टाकलं पेटीत.

२४ ऑगस्ट, रविवार

अॅनेटनं दारातच मिठी मारली. जेवणाआधी सांगितलं सगळं, उभ्यानंच. अंडी, जॅम, घोट्यापर्यंत, वॉर्डन. अॅनेट खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. ट्रेव्हर सिंकपाशी होता. मनात म्हटलं, आता हा अंगावर येणार. येऊ दे.

तो म्हणाला, "म्हणजे बाबांनी विचारलं होतं?"

"दोनदा विचारलं होतं."

तो खाली फरशीवरच बसला. एवढा उंच पोरगा.

"आई," म्हणाला, "त्यांनी विचारलं होतं गं."