मिशीचं खोटं आन् चर्चची दोन कुलपं

मी, कांता योहान सोनटक्के, वय एकाहत्तर, विधवा, शिक्षन सातवी, राहनार वडनेरजवळची वस्ती, तालुका हिंगनघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माह्या हातानं लिहून राह्यली. डोकं ठिकानावर हाय. कोनाले शंका असंन त्यानं येऊन माह्याशी वाद घालून पाहावा. कोनी दबाव देला नाई. सोमवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात माह्या काळजाचं आपरेशन हाय, म्हनून घाई.

१. घर, म्हंजे दोन खोल्या, नळ आन् पुढचा ओटा, हे माहा लेक प्रफुल याले. ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याची थट्टा कराचा हक्क मात्र माह्यासंगं जाईन. प्रफुलले ते जमत नाई. बापावर गेला.

२. मालकाची गवंडीकामाची थापी आन् ओळंबा: दीर चंद्रभान सोनटक्के याईले. चर्चच्या भिंती दोघा भावायनं मिळून उभ्या केल्या. भिंत अजून सरळ हाय.

३. परात आन् तवा: सून आकांक्षा इले. चर्चमंधल्या प्रभुभोजनाची भाकर मी तीस साल याच तव्यावर भाजली. चर्चच्या मंडळीत फूट पडल्यापासून मी दर वेळी दोन भाजते, एक काका-गटाची, म्हंजे चंद्रभान भाऊजीची, एक पुतन्या-गटाची, म्हंजे प्रफुलची. दोन्हीकडं गोड राह्यली. आकांक्षा, तू एकच भाजजो. बायबलात पौलानं भांडनाऱ्या मंडळीले हेच कळवलं होतं, का आपन कितीबी असलो तरी भाकर एक, म्हनून आपन एक.

४. फूट कशी पडली ते आता लिवते. लिवताना भेव वाटते.

आमच्या इथं प्रभुभोजनाचा द्राक्षरस एकाच प्याल्यातून सगळे पेत होते. कोरोनानंतर प्रफुल म्हने, छोटे छोटे गिलास आना. चंद्रभान भाऊजी म्हने, प्याला एकच राहीन. इतकंच होतं, मिटलं असतं. पन एका रविवारी मी हासत आकांक्षाले बोलली, "अवो, चंद्रभान मामंजीच्या मिशा प्याल्यात बुडते. आपन त्याईच्या मिशीचं धुवन पेतो." तिनं ते मंडळीच्या मीटिंगमंधी सांगतलं. सगळे खो खो हासले. भाऊजी उठून गेले. दुसऱ्या दिवशी चाळीस सालाची मिशी काढून आले आन् चर्चले कुलूप लावलं. प्रफुलनं त्याच्यावर दुसरं लावलं. आता काकाचा गट लिंबाखाली प्रार्थना करते, पुतन्याचा स्लॅबवर.

५. यंदा मे महिन्यात आमच्या मंडळीतला हरिदास वारला. त्याची मयताची पेटी दोन कुलपायसमोर सहा घंटे उन्हात होती. आधी चावी कोन काढन, यावर भांडन. मी पेटीले पदरानं वारा घालत होती. मेलेल्या मानसाले वारा! मले मरनाचं तितकं भेव नाई. मले त्या सहा घंट्याचं भेव वाटते. म्हनून अट अशी, का माही पेटी आनल्यावर

इथं लिवनं थांबवलं. येशूनं सांगतलं का वेदीजवळ भेट आनली आन् भावाचा राग आठवला, तं भेट तितंच ठेव, आधी त्याच्याकडं जा. मेल्यावर मी कशी जाऊ? चपला घातल्या.

६. जाऊन आली. भाऊजी शेंगा सोलत होते.

"भाऊजी, तुमची मिशी कधीच बुडली नाई. पेताना तुमी दोन बोटानं वर धरत होते. मी पाह्यलं होतं. मजाक केलती."

"आन् हे आता सांगून राह्यली, वयनी? दीड सालानं?"

"लोकं हासले ना, ते मले गोड लागलं. मंग भेव वाटलं."

"हरिदासच्या पेटीजवळ तू उभी होती. तवा काऊन नाई बोलली?"

मी खाली बसून त्याईच्यासंगं शेंगा सोलू लागली.

भाऊजी म्हनले, "सगळ्यायसमोर बोलशीन?"

"बोलीन."

"चावी आनतो. पन खोलीन का नाई, ते तितं पाहू."

घरी प्रफुलले सांगतलं. तो म्हने, "आई, पह्यले काका खोलतीन, मंग मी." मी म्हनलं, "बेटा, मले सोमवारी भरती व्हाचं हाय. तुमी दोघं एकमेकाकडं पाहत राह्यजा."

७. म्हनून हे मृत्युपत्र मेल्यावर वाचू नोका. उद्या रविवारी सकाळी आठ वाजता, चर्चच्या दारापुढं, मी उभी असताना, साक्षीदार नलूनं मोठ्यानं वाचावं. कलम चार आन् सहा दोनदा वाचावं. हासू आलं तं माह्यावर हासा. दार खुललं तं माह्यासाठी आत प्रार्थना करा, काका-पुतन्या एका बाकावर बसून. नाई खुललं तं मी तशीच दवाखान्यात जाईन, आन् कलम पाचची अर्धी राह्यलेली अट तुमीच पुरी करा, मले सुचत नाई.

सही: कांता योहान सोनटक्के. वाकडी आली. माहीच हाय.

साक्षीदार: १. नलू, लिंबाखालच्या गटाची. २. रोशन, स्लॅबवरच्या गटाचा. दोघायनं माह्यासमोर सही केली. नलूनं पेन रोशनच्या हातात देला नाई, खाटेवर ठेवला. मी उचलून त्याले देला.

ठिकान: माहा ओटा. शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५.