आरती शेवटी लावणारा प्लेयर

अकोला. गुरुवार, संध्याकाळ.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले. त्यांच्या भजनी मंडळाच्या एका बैठकीतली भजनं आणि आरती मी माझ्या हातात मावणाऱ्या लिनक्स कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून आणली. ती वाजवायला त्यात टाकलेला पहिला प्लेयर, म्हणजे गाणी लावणारा प्रोग्रॅम, देखणा होता, पण भजनं मनाला येईल तशी, पुन्हा पुन्हा लावायचा. दुसऱ्याच भजनानंतर आरती लागली आणि बाबा खाटेवरून उठू लागले. आरतीला बसून राहणं त्यांना ठाऊकच नाही.

"बाबा, रेकॉर्डिंग आहे ते. बसा."

"आरती आरतीच असते. तुह्या डब्याले समजत नाही, मले तं समजते ना!"

दुपारभरात तीनदा उठले. तिसऱ्यांदा तोल गेला. मी धरलं म्हणून वाचले. तो प्लेयर मी नुसतं रूप बघून का निवडला?

आता दुसरा टाकला. नुसती यादी, रंग नाही, चित्र नाही. ठेवलेल्या क्रमानं वाजवतो आणि संपलं की थांबतो. कुणी तरी लिहून फुकट देऊन टाकलाय. भलं होवो त्याचं.

आरती शेवटी लागली, एकदाच. बाबांनी हात पुढे केला. मी उठवलं. संपेपर्यंत त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता.

मग म्हणाले, "बसव आता."