पॅडलवरचा तुझा पाय

माय,

दुकानदारानं मला विचारलं, "बाई, घरी पॅडल दाबायला कुणी हाय का?" आणि परभणीच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात, भर दुपारी, मी उभ्या उभ्या तुझ्यापाशी येऊन पोचले. त्याचा प्रश्न साधा होता. मला घरच्या घरी गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची होती, आणि ते काम दोघांचं असतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? एकानं सीटवर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका पोकळ स्क्रू, ढिली करायची, हवा आणि तेल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायची, मग वरच्यानं पाय सोडायचा. मी म्हणाले, "कुणी न्हाई. लेक पुण्याला असती. मी एकटीच." तो म्हणाला, "मग एकट्यानं करायचं हत्यार बघावं लागंल," आणि फळीवरून एकेक डबा खाली काढायला लागला.

तो डबे काढायलाय आणि मला सेलूचं आपलं गॅरेज दिसायलंय. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या, मधे एक दार. कापसाचे दिवस असावेत, कारण जिनिंगकडून उडालेली कापसाची म्हातारी हवेत तरंगते आहे, सगळं कसं पांढुरकं, हळू झालं आहे. बाबा जीपखालून हाक मारतात, "ये गं जरा." तू परातीतल्या पिठातून हात काढतेस, पदराला पुसतेस, येतेस. आधी ब्रेक ऑइलच्या डबीवर धुतलेलं फडकं टाकतेस, आत कापूस पडू नये म्हणून. मग चप्पल खाली काढून, अनवाणी, ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसतेस. "दाब. दाब. धर." तू धरतेस. "सोड." तू सोडतेस. तुझी नजर समोर काचेतून कुठंतरी लांब लागलेली असते. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून वेणी घालून घ्यायची वाट बघते आहे, आणि मला वाटतं आहे की तू ती जीप चालवायलीस, जीप आहे तिथंच राहून शेड मागं मागं जायलीय.

एकदा तुला ताप होता म्हणून मला बसवलं होतं. बाबा "सोड" म्हणायच्या आधीच माझा पाय उचलला गेला आणि निपल उघडी असतानाच सगळी हवा पुन्हा आत ओढली गेली. बाबांनी निपल आवळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तू मात्र आतून उठून आलीस, तापानं तुझे डोळे लाल. "हात लिहिताना चुकला तर खोडता येतंय," म्हणालीस, "इथं खोडाय येत न्हाई. ह्या गाडीत माणसं बसायचेत." मला फार रडू आलं होतं. पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर वर्गात मुलांना रागावायची वेळ आली की तो तुझा आवाज आधी माझ्या कानात यायचा, आणि मी थोडी हळू व्हायचे.

पण मला सारखी आठवते ती लग्नाची जीप. सकाळी वऱ्हाड घेऊन चारठाण्याला जायची होती. जीपवाला दुपारपासून बाहेर फेऱ्या मारत होता. बाबांनी चारी चाकांची हवा काढली, नळीतून स्वच्छ तेल आलं, एक बुडबुडा नाही. बाबा हात पुसत म्हणाले, "झालं. उतर." तू उतरली नाहीस.

"हवा हाय अजून."

"कशावरून?"

"पायाला कळायलंय. खाली गेल्यावर मऊ लागायलंय."

"तेल साफ आलंय, तुझ्यासमोर. ह्यांना जाऊ दे. कवाचे थांबलेत."

"न्हाई उतरत मी."

जीपवाला हसला. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असं काहीतरी तो बोलला, आणि बाबा लालेलाल झाले. त्यांना राग त्याचा आला की तुझा, मला अजून सांगता येणार नाही. पण तू स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसलेली, कपाळावर पीठ लागलेलं, आणि पाय पॅडलवर तसाच. शेवटी बाबांनी पाना आपटला, जॅक लावला आणि मागची चाकं खोलायला घेतली. डाव्या चाकाचा ड्रम निघाला आणि ते आत वाकले. आतलं रबर चिरलेलं होतं. पाय सोडला की तिथून हवा आत जात होती, आणि दाबलं की तेल थेंब थेंब लायनरवर, चाक धरणाऱ्या पट्टीवर. त्यांनी ते चिरलेलं रबर तळहातावर घेऊन तुला दाखवलं. तू बघितलंस, "हं," म्हणालीस आणि भाकरी टाकायला आत गेलीस.

बाबा सायकलवर बाजारात जाऊन नवीन रबर घेऊन आले. पुन्हा तू, पुन्हा दाब, धर, सोड. दिवेलागणीला जीप गेली. लग्न उरकल्यावर तोच जीपवाला आला, हातात बुंदीचा पुडा. परतताना जिंतूरच्या पुढं उतारावर मेंढरांचा कळप आडवा आला होता, म्हणाला, आत बारा माणसं, नवरी पुढंच बसलेली. "जागेवर थांबली गाडी, मिस्त्री." बाबांनी पुडा हातात घेतला नाही. मागच्या दाराकडं बोट केलं. "तिकडं द्या." त्या दिवसापासून त्यांनी "झालं" असं कधी एकट्यानं ठरवलं नाही. जीपखालून विचारायचे, "काय म्हणतो पाय?" आणि तू सांगेपर्यंत बाहेर यायचे नाहीत.

तर दुकानदारानं तीन वस्तू मांडल्या. एक मोठी सिरिंज, नळी लावलेली. एक हातपंप, वर घड्याळासारखा काटा, तो निपलमधून तेल आणि हवा ओढून घेतो. आणि एक नुसती पारदर्शक नळी, टोकाला एकाच बाजूनं उघडणारा व्हॉल्व्ह, खाली बाटली. त्यातून हवा बाहेर जाते, परत येत नाही. मला कार आणि लेकीनं इथं ठेवलेली मोटारसायकल, दोन्हीला चालेल असं एकच काहीतरी हवं होतं. मी पंप घेतला. काटा बघून मोहात पडले.

गेल्या आठवड्यात पूर्णेहून येताना रेल्वे फाटकापाशी माझा पाय नेहमीपेक्षा खोल गेला होता, माय. गाडी थांबली, पण फाटकाच्या दांड्याला नाक लावून. गॅरेजवाल्यानं हवा काढून दिली, "झालं, बाई," म्हणाला. मी घरी आणली आणि रोज सकाळी अंगणात उभ्या गाडीचा ब्रेक दाबून बघत राहिले. मऊ लागत होतं.

पंपानं मोटारसायकलचं काम बघता बघता झालं. कारचं होईना. नळीत बुडबुडे येतच राहिले, बारीक, मोत्यांसारखे, संपेचनात. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ती हवा आतली न्हाई. पंप ओढतो तवा निपलच्या आट्यातून बाहेरची घेतो." मग खरी हवा संपली हे कळणार कसं? "ते तर पॅडलच सांगंल की." मी ती साधी नळी मागितली. तो हसला, "लोक साधं सोडून भारी नेतेत, तुमी उलटं करायलात."

काल सुट्टी होती. अंगणात निंबाची सावली गाडीवर हलत होती. मागच्या चाकाला नळी लावली, निपल ढिली केली, डबीत तेल भरलं, चप्पल काढली आणि सीटवर बसले. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. मधेच उतरून तेल बघायचं, पुन्हा चढायचं. असं एकेक चाक करत गेले. हळूहळू तळव्याखाली काहीतरी घट्ट होत आलं, पाण्यात चालता चालता पायाला जमीन लागावी तसं. शेवटची निपल आवळून पुन्हा दाबून बघितलं. घट्ट. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, पाय न उचलता. लांबून मालगाडी जात होती. मला उतरावंसं वाटेना.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तू गेलीस, आणि तुला वाचताही येत नव्हतं. तरी एक लिहायलाच हवं. मी नवीनच गाडी शिकले होते, सुट्टीला घरी आले होते. तू तांदूळ निवडत होतीस. मान खाली घालूनच विचारलंस, "मला येईल का गं चालवायला?" मी पेपर वाचत होते. म्हणाले, "तुला आता कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई. आपलं इचारलं."

आणि मी पान उलटलं.