फक्त शेंड्यावर मारा

४ जुलै
पुन्हा तेच. दादाचं म्हणणं, बाटल्यांना झाकणं लावणाऱ्याने औषधांबद्दल बोलू नये, उंटावरून शेळ्या हाकू नयेत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही. अख्ख्या घराण्यात बुरशीनाशकाच्या कारखान्यापर्यंत पोचलेला एकटा मी. आणि झाकण म्हणजे शेवटचा हात. माझ्याशिवाय एक बाटली बाहेर पडत नाही.
शब्द मात्र त्याने दिलाय. यंदाचा टोमॅटो साधला तर रस्त्याकडची खोली माझी. तिथे औषधांचं दुकान टाकायचं आणि घरी राहायचं. मग झाकणं लावावीत ज्याला लावायची त्याने.

७ जुलै, जेवणाच्या सुट्टीत
दादाचा नाद सोडला, थेट वहिनीला फोन. पंप तिच्याच पाठीवर असतो. दादाची पद्धत म्हणजे ती स्वस्त पावडर, पान वरून भिजवा, खालून भिजवा, पार बुंध्यापर्यंत वाका. कंबर गेली तिची त्यात. मी समजावलं, आमचं औषध आंतरप्रवाही. पानातून आत शिरतं आणि झाडभर फिरतं. इंजेक्शन दंडाला देतात, ताप सगळ्या अंगाचा उतरतो, तसं. तेव्हा फक्त शेंड्यावर मारा. वाकायचं नाव नाही, औषधही निम्मं वाचेल.
वहिनी म्हणाली, भावोजी, नक्की ना? म्हटलं, कंपनीत आहे मी.
लॅबमधल्या मॅडमना आधी विचारणार होतो. पण विचारलं की आपल्याला माहीत नाही असं दिसतं.

८ जुलै
संकल्प. तंबाखू बंद. रोज एक लेबल पूर्ण वाचायचं. दुकानात उधारी नाही, सख्ख्या भावालाही नाही.

९ जुलै
लेबलावरची अक्षरं मुद्दाम बारीक ठेवतात. तंबाखू सोमवारपासून.

१९ जुलै
वहिनीने फोटो पाठवला. शेंडे हिरवेगार, बघतच राहावं असे. मोबाईलवर तोच लावून टाकला. इथे माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या वेल्डरला दाखवला. तो म्हणाला, वरचं झकास आहे, खालचा कुठाय? दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही लोकांना.

२६ जुलै
खालच्या पानांवर काळे ठिपके आलेत म्हणे. सांगितलं, म्हातारी पानं ती, माणसाचेही केस पिकतात. दादा मागून ओरडत होता, करपा आहे, पावडर मारा, खालून मारा. म्हटलं, एका पेशंटला दोन डॉक्टर नकोत. पुन्हा तेच औषध, पुन्हा शेंड्यावरच, फक्त जरा कडक करून.
बोलण्याच्या नादात मशीनवर लक्ष राहिलं नाही. एक अख्खी रांग बिनझाकणाची पुढे गेली आणि खोक्यात आडवी झाली. सुपरवायझर म्हणाला, पगारातून कापणार. म्हटलं, घरी पेशंट सिरियस आहे. त्याने विचारलं, कोण? टोमॅटो म्हटल्यावर त्याने जास्त कापायचं ठरवलं.

५ ऑगस्ट
पहिला तोडा खालच्या घोसांचा असतो. फळ डागाळलेलं, व्यापाऱ्याने हातसुद्धा लावला नाही. कारणं उघड आहेत. पंपाचं नोझल जुनं. शेजाऱ्याचं रान घाण. दादाचं तोंड.
वहिनीला म्हटलं, घाबरू नका, वर बघा, वर कसं हिरवं आहे. ती म्हणाली, वरच बघत राहिले ना, भावोजी. हे ती कोणाला बोलली कळलं नाही. दादाला असेल.

६ ऑगस्ट
कँटीनमध्ये लॅबच्या मॅडमना विचारलं. एका मित्राचा प्रश्न म्हणून. त्या घास चावत म्हणाल्या, हे औषध पडतं तिथून वर चढतं, खाली उतरत नाही. शेंड्यावर मारलं तर खालची पानं उघडीच. आणि लागोपाठ तेच मारत बसलं की रोगही त्याला जुमानेनासा होतो. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, झाड खालून वर पाणी पितं हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं का? म्हटलं, मित्र शेतकरी नाही.
चूक कंपनीची आहे. झाकणवाल्यांना ट्रेनिंग द्यायला नको? लेखी तक्रार करणार.

७ ऑगस्ट
पेन मिळालं नाही. घरी फोन करून सांगायला हवं. पण आता सांगून काय उपयोग. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

१४ ऑगस्ट
दादाचा फोन. शिव्या खायची तयारी ठेवली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. एकही कामाला आलं नाही. तो शांत होता. झाडं उपटून झाली म्हणाला. रस्त्याकडची खोली एका शिंप्याला भाड्याने दिली. तुला तिकडे बरं चाललंय ना, मग राहा तिकडेच. एवढंच.
मग वहिनीने फोन घेतला. वाटलं, रडेल. म्हणाली, कंबर मात्र वाचली हो यंदा, भावोजी.
दुकान रद्द नाही. शिंपी काही जन्मभर राहत नाही.
नवी रोपं आणणार आहेत. त्यांच्यावर काय मारायचं, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, या वेळी बरोबर. रोपांचा सगळा खर्च माझा, वीस हजार धाडतो, असं मात्र ठणकावून सांगितलं. दादा बरं म्हणाला. त्याने एवढ्या पटकन बरं म्हणायला नको होतं.
सांडलेल्या औषधाची कपात गेली, खोलीभाडं गेलं, तंबाखूवाल्याचं मागचं गेलं. पाठवतोय अठराशे रुपये.