दुर्बिणीचा पट्टा

प्रिय भूमिका,

मागच्या रविवारी तू बोलत असताना फोन कटला तो नेटवर्कमुळे नाही, मीच ठेवला. त्यानंतर तू तो भला मोठा मेसेज लिहिलास. तिकडे अमेरिकेत, आयडाहोत हरणाची शिकार कायद्याने चालते, परीक्षा देऊन परवाना मिळतो, मांस वाया जात नाही, आणि बाबा, तुम्ही जन्मभर चोरटे शिकारी पकडलेत म्हणून माझ्यावर रागावू नका. मी रागावलो नाही गं. आपल्याकडे रविवारी मटण शिजतं, मी कोणत्या तोंडाने रागावणार? फोन ठेवला तो तुझ्या प्रश्नामुळे. गळ्यातल्या पट्ट्याने मान दुखते, दुर्बीण छातीवर आपटते, तुम्ही तीस वर्षं जंगलात दुर्बीण वागवलीत, तर या तीन हार्नेसपैकी, म्हणजे छातीवर बांधायच्या पट्ट्यांपैकी, कुठला घेऊ, एवढंच तू विचारलं होतंस. साधा प्रश्न. पण तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकलेलं नाही.

तू पाठवलेले त्यांचे फोटो मी मोठे करून करून पाहिले. पहिल्यात नुसते दोन पट्टे आहेत, पाठीवर फुली मारलेले. मानेवरचं ओझं खांद्यांवर जातं हे खरं, पण वाकलीस की दुर्बीण पुढे लोंबणारच. दुसऱ्याला छातीवर झाकणाची पिशवी आहे, पण झाकण वेल्क्रोचं. त्याच्या चर्रकन आवाजाने हरीण तर पळेलच, शेजारच्या डोंगरावरचंही पळेल. तिसरा लोहचुंबकाचा, तो त्यातल्या त्यात बरा. पण त्याचं झाकण अंगाकडे उघडतं, म्हणजे दुर्बीण काढायला दोन्ही हात लागणार, आणि तुझा एक हात बंदुकीवर असणार. ते मला चालणार नाही. मग मी पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या सुतळीने एकत्र बांधल्या, जुन्या पँटचे बेल्ट खांद्यांवरून घेतले आणि हॉलमध्ये वाकून, बसून, उठून पाहिलं. तुझी आई दारात उभी राहून म्हणाली, "रिटायर झाल्यावर लोक भजनाले जातात, तुमी काहून कवायत करून राहिले?" संध्याकाळी दोनदा फिरायला गेलो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आलो.

सोमवारी सीताबर्डीत हिंडलो. कॅमेऱ्याच्या दुकानात गळ्यातलेच पट्टे, बॅगांच्या दुकानात दप्तराचे. परत येताना मेट्रोत दोन स्टेशनं पुढे गेलो. मंगळवारी पुन्हा गेलो, तीच दुकानं पुन्हा पाहिली. दुकानदाराने ओळखलं आणि चहा विचारला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. कारण असा पट्टा नागपुरात कोण शिवून देईल हे मला रविवारीच ठाऊक होतं. तुझे ताराचंद काका. आता इतवारीत त्यांचं शिवणकामाचं दुकान बरं चाललंय. टेम्पोच्या ताडपत्र्या, वह्यावाल्यांच्या कॅनव्हासच्या पिशव्या, आणि हल्ली पक्षी पाहणारी पोरंही त्यांच्याकडे पट्टे शिवायला येतात. मला तिथे जायचं नव्हतं, म्हणून मी बाकी सगळीकडे जात होतो.

चौथीत तू "माझे बाबा" असा निबंध लिहिला होतास, आठवतो? माझे बाबा वनखात्यात आहेत. शिकाऱ्याने ताराचंद काकांच्या पायावर गोळी मारली. बाबांनी त्यांना खांद्यावर उचलून सडकेपर्यंत नेलं आणि त्यांचा जीव वाचवला. शाळेत पहिला नंबर आला, तुझ्या आईने तो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला. बावीस वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो. पंख्याचं वारं त्याच बाजूने येतं असं मी तुम्हाला सांगत आलो.

शिकारी कोणी नव्हता. गोळी माझी होती.

कळमेश्वरकडच्या एका गावात रानडुकरांनी तुरीचा सत्यानाश केला होता. डुकरं मारायची रीतसर परवानगी निघाली, पण ती गावातल्या एका बंदूकवाल्याच्या नावाने. त्या सकाळी त्याला ताप भरला. शेतकरी बांधावर जमलेले, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी रेंज ऑफिसची बंदूक घेऊन स्वतः उभा राहिलो. तसा अधिकार मला नव्हता. तुझ्या वयाचाच होतो तेव्हा, जरा जास्तच तोऱ्यात असायचो. ताराचंद तेव्हा माझ्या हाताखाली वनमजूर होता. त्याला मी तुरीच्या पलीकडून हाका घालत, डुकरं माझ्याकडे हाकलत यायला सांगितलं. माझी दुर्बीण, तीच, जी तू तिकडे जाताना मी तुला दिली, ती मोटरसायकलवर छातीवर आपटत आली होती. मानेला वळ उठला होता. म्हणून मी ती काढून डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं.

आपल्या खात्यातल्या माणसाला एक खोड असते. वाटेत तारेचा फासा दिसला की हातातलं काम टाकून तो आधी काढायचा. ताराचंदला तुरीत फासा दिसला, आणि तो हाका थांबवून खाली बसला. अंगावर काळं कांबळं. मला ओळीच्या बुडाशी काळी पाठ हलताना दिसली. पन्नास पावलंही नसतील. दुर्बीण गळ्यात असती तर मी ती डोळ्याला लावली असती, तशी मला सवयच होती. हाताने छाती चाचपली, तिथे काही नव्हतं. मग तोच हात बंदुकीला गेला.

छर्रे गुडघ्यात बसले. सडकेवर टेम्पोची वाट पाहत असताना मी त्याला म्हणालो की मी चौकीत जाऊन सगळं सांगतो. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "साहेब, तुमची नोकरी गेली तं दोन घरं बुडतीन. आता एकच बुडून राहिलं." पोलिसांना त्यानेच सांगितलं की नाल्याकडून कोणीतरी बार टाकून पळालं. बांधावरच्या लोकांनी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर बोलले नाहीत. मी गप्प बसलो, भूमिका. त्याला इतवारीत शिलाई मशीन घेऊन दिली तेव्हा लोकांनी मला देवमाणूस म्हटलं, आणि मी तेही ऐकून घेतलं.

काल सकाळी शेवटी त्याच्याकडे गेलो. पट्टा कसा हवा ते सांगितलं. पाठीवर फुली, झाकण पुढच्या बाजूला उघडणारं, एका हाताने, आवाज न करता. तुझी दुर्बीण इथे नाही म्हटल्यावर त्याने हातानेच माप दाखवलं. ती त्याने शंभरदा पुसली होती. तो कापड कापायला लागला. मध्येच त्याने विचारलं, हे कोणासाठी, आणि मी सांगितलं. भूमिका शिकारीला जाऊन राहिली म्हणताच त्याची कात्री थांबली. मग त्याने न विचारता एक जाड नारिंगी कापड काढलं आणि पाठीवरच्या फुलीत हाताएवढा चौकोन शिवला. तो काढू नकोस, लांबूनही माणूस आहे हे दिसेल. बाकी लोक काय घालतात ते घालोत.

आज संध्याकाळी पट्टा न्यायला आलो, तर एक खांदा तसाच सुटा. तो म्हणाला, "पोरीले खरं लिहा, साहेब. ती बंदूक उचलून राहिली, तिले माहीत पाहिजे. चिठ्ठी मले दाखवा, मंगच हा पट्टा जोडतो." म्हणून हे पत्र मी घरी नाही, त्याच्या दुकानात स्टुलावर बसून लिहितोय. मधून दोनदा उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. आईला आज रात्री सांगणार आहे आणि ती फ्रेम मीच उतरवणार आहे. तुला मला फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस, ते मी समजेन. पण हा पट्टा घाल. काही हललं की आधी दुर्बीण, आणि पूर्ण प्राणी दिसेपर्यंत दुसऱ्या हाताला काम देऊ नकोस.

तुझाच,
बाबा

ता. क.
भूमिका बेटा, चिठ्ठी वाचली. पट्टा जोडला, चार टाके जास्त मारले. साहेबांनं मले खांद्यावर सडकेपर्यंत नेलं ते तू लिहिलं होतं, ते खरंच आहे. सारा रस्ता रडत होते. फ्रेम उतरवू नको म्हण त्याइले.
ताराचंद काका