एका शिवीचे शुद्धलेखन

१ मार्च, सकाळी ६
जिने मनुष्याच्या जिभेवर ॐकार ठेवला आणि त्याच जिभेवर शिवीसही जागा दिली, त्या वाग्देवीच्या कृपेने नवी वही आरंभितो. विषय उघड लिहितो, कारण वाचणारा मीच. आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये कोणी खिळ्याने 'गांडु' असे कोरले आहे. अर्थाविषयी तक्रार नाही. परंतु मराठीत अन्त्य उकार दीर्घ असतो. बेचाळीस वर्षे संस्कृत व मराठी शिकवलेल्या माणसाने हा ऱ्हस्व 'डु' दिवसातून चार वेळा पाहावा?
संकल्प: लक्ष द्यायचे नाही. गीतेचा बारावा अध्याय, दूध, वर्तमानपत्र, मौन.

१ मार्च, ६.४०
दूध आणताना किल्लीने उकार दीर्घ केला.

४ मार्च
सौ. मनकर्णेच्या कानी गेले. म्हणाली, सत्तरी उलटली अन् तुम्ही लिफ्टीत शिव्या कोरून राहिले? मी सांगितले, कोरत नाही, दुरुस्त करतो. म्हणाली, लोकायले फरक दिसन का? लोकांना फरक दिसत नाही, हेच तर माझे दुःख.

७ मार्च
पार्किंगच्या खांबावर 'चूतिया'. मूळ 'च्युति', म्हणून पहिला उकार ऱ्हस्व. दीर्घ लिहिणारा अज्ञ मनुष्य आंब्याच्या झाडास शिवी देत असतो, कारण चूत म्हणजे आम्रवृक्ष. मैथुनवाचक क्रियापदांत मला व्यक्तिशः 'झवणे' पसंत आहे. ते 'यभ्' धातूचे थेट वारस. आजचे लोक 'सेक्स करणे' म्हणतात. किती ही दरिद्री रचना. जेवताना हे विवेचन केले. मनकर्णा वरणाखालचा गॅस बंद करून आत गेली.

११ मार्च, सकाळी ८.१५
पार्किंगमध्ये भांडण. तळमजल्यावरचा भूपेश आणि तिसऱ्या मजल्यावरची प्रणाली. प्रणाली मूळची उमरेडची, विणकरांच्या घरची. दोन वर्षांपूर्वी पती निवर्तला. मुलीला घेऊन भाड्याने राहते, इतवारी बाजारात साड्यांच्या दुकानात बसते. तिची स्कूटर भूपेशच्या जागेत टेकली होती. तो म्हणाला, ए रंडी, गाडी हटव. नवऱ्याले खाल्लं, आता कोणाकोणाले वर बोलावून राहिली ते मले माहीत आहे. आणि शेवटी, तुह्या मायची.
साक्षीदार मी एकटा. हातात पूजेची फुले होती, म्हणून मध्ये पडलो नाही.

११ मार्च, दुपार
प्रणाली घरी आली. म्हणाली, नानाजी, तुम्ही आयकलं ना? मी पोलिसात चालली. घरमालकाचा काटोलहून फोन आला होता. बदनामीचे भाडेकरू नाही ठेवत म्हणे. पोलिसांनी भूपेशचा दोष लिहून घेतला तर राहा, नाही तर महिनाअखेर खाली करा. पोरीची परीक्षा आहे. तुम्ही फक्त आयकलं तसं सांगजा.
मी म्हटले, बाई, अक्षराचीही चूक होणार नाही. ती रडली. मनकर्णेने तिला चहा दिला आणि माझ्याकडे आदराने पाहिले. बहुधा आदरानेच.
संकल्प: तिचे रक्षण करीन.

१४ मार्च
पूर्वतयारी. तीन कोश काढले. 'रंडी' हे हिंदी रूप. मराठी जबानीत ते घालणे मला पटत नाही. मराठी 'रांड', संस्कृत 'रण्डा'. अनुस्वारापेक्षा णकार जोडून लिहिणे मला अधिक शोभिवंत वाटते.

१६ मार्च, दुपारी १२
ठाण्यात. हवालदार मारोतराव लिहीत होते, समोर प्रणाली. सरळमार्गी गृहस्थ, हस्ताक्षर दयनीय. म्हणाले, नानाजी, तो काय म्हणाला तेवढं सांगा. मी प्रथम भाषेची पार्श्वभूमी मांडली. म्हणाले, पार्श्वभूमी राहू द्या, शब्द सांगा. मी शब्द सांगितला. त्यांनी 'रंडि' लिहिले.
सही करणे शक्य नव्हते. दीर्घ करवून घेतले. मग परक्या भाषेचा शब्द म्हणून तोही खोडायला लावला आणि 'रण्डा' लिहून दिला. मारोतरावांनी विचारले, हे काय असते? साक्ष देणाऱ्याने ज्ञान लपवू नये. मी सांगितले, मूळ अर्थ विधवा.
मारोतरावांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, मग त्यानं ह्या बाईले विधवा म्हटलं, असं लिहू का? मी म्हटले, व्युत्पत्तीने तेच होते. म्हणाले, ते तर त्या आहेतच.
प्रणाली म्हणाली, नानाजी, तसं नाही म्हटलं त्यानं, तुम्हाले माहीत आहे. तिला समजावले की शिवी ही बोलणाऱ्याच्या मनात असते, शब्द निष्पाप असतो. मनाची साक्ष मी कशी देऊ? मातेविषयीच्या वाक्याबाबतही सत्यच सांगितले: क्रियापद नव्हते, वाक्य अपूर्ण, अपूर्ण वाक्याचा अर्थ निश्चित करता येत नाही. नोंद मारोतरावांनी वाचून दाखवली. चुका शून्य. सही केली.
येताना ऑटोत प्रणाली बोलली नाही. भारावली असावी.

१९ मार्च
ठाण्यात भूपेशला बोलावून समज दिली व सोडले. मारोतराव प्रणालीस म्हणाले म्हणे, ताई, तुमचाच साक्षीदार असं लिहून देते तर मी काय करू.
'देते' नव्हे, 'देतो'. तिकडे असेच बोलतात.

२१ मार्च, सायंकाळ
भूपेश घरी आला. काटोलची संत्री आणली, पाया पडला. म्हणाला, नानाजी, तुम्ही होते म्हणून वाचलो. मले तर त्या शब्दाचा एवढा चांगला अर्थ माहीतच नव्हता, मी तर शिवीच दिली होती.
जिज्ञासू मुलगा. संत्री गोड. मनकर्णेने एकही फोड घेतली नाही. तिला आंबट चालत नाही.

२४ मार्च
रविवारचा गीतावर्ग. एरवी अकरा बायका येतात. आज कोणी आले नाही. उन्हाळा.

२६ मार्च
घरमालकाचे पत्र प्रणालीस आले. तिने ते माझ्याकडे आणले नाही, मनकर्णेकडे आणले. मी आडून पाहिले. 'रिकामे' ऐवजी 'रीकामे'. संकल्प केल्याप्रमाणे गप्प राहिलो. हा माझा संयम कोणाच्या लक्षात आला नाही.

३१ मार्च, सकाळी १०
प्रणालीचे सामान टेम्पोत चढले. उमरेडला माहेरी जाते. मुलीचे दोन पेपर बाकी आहेत. मनकर्णा सकाळपासून तिसऱ्या मजल्यावर भांडी बांधत होती. मी निरोपासाठी खाली उतरलो, आशीर्वादाचा एक श्लोकही योजला होता. प्रणालीने नमस्कार केला नाही. मुलीने केला, तिने मुलीचा हात ओढून घेतला.
भूपेशने टेम्पोला मागे घ्यायला जागा करून दिली. माणूस सुधारतो.

३१ मार्च, दुपारी १
गीतावर्ग. श्रोता एक: भूपेश. अर्ध्या तासाने मोबाईलवर बोलत निघून गेला.

३१ मार्च, दुपारी ३
मनकर्णा खुर्ची ओढून समोर बसली. पन्नास वर्षांत ती अशी समोर बसल्याचे स्मरत नाही. म्हणाली, तुमचं वय शहात्तर, माहं सत्तर. तुम्ही आधी जासान. मग तो शब्द मलेही लागू पडन ना?
मी म्हटले, शास्त्रदृष्ट्या होय.
म्हणाली, वाईट नाही ना तो?
मी म्हटले, मुळीच नाही.
म्हणाली, मग लोकायच्या तोंडून काहून आयकू, तुम्हीच म्हणा. एक डाव. माह्याकडे पाहून म्हणा.
मी तिच्याकडे पाहिले. ओठ विलग केले. रेफ उच्चारताना जिभेचे टोक मूर्ध्यास जावे लागते. ते गेले नाही. यंदा मार्चमध्येच फार तापले आहे.
मग म्हणाली, ही जीभ त्या पोलिसासमोर अशीच अडू द्यायची होती. उठली, पिशवीत दोन लुगडी घातली आणि उमरेडची बस किती वाजता आहे ते तिने मला न विचारता फोनवर कोणा दुसऱ्याला विचारले.

३१ मार्च, दुपारी ४.१०
ती गेली. परीक्षेपर्यंत मुलीला येथे आणून ठेवणार की स्वतः तिथेच राहणार, ते सांगितले नाही. गॅसवर वरण आहे. गॅस कसा लावतात ते पाहिले पाहिजे.
ही वही कोणी वाचणार नाही. तरीही कोणाच्या हाती पडलीच, तर त्या वाचकाचे कल्याण असो. त्याच्या घरात कोणीतरी बोलणारे असो. आणि वेळेवर त्याचे तोंड उघडो.