देखभालपेटीतील अकराशे ओंडक्यांसह माझ्या मिळकतीची व्यवस्था

गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आले ते असे: वापरलेला संगणक एक, पडद्यासह, ज्यापायी सतरा महिन्यांची घरखर्चातली शिल्लक गेली, खेळताना कानाला लावायचे यंत्र, म्हणजे हेडफोन, एक, फुकट, कारण नातीने नवे घेतले, पाठ टेकायची खुर्ची एक, तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या सहा पडद्यांना अस्तर लावून दिले त्या बदल्यात, आणि संगणकावरच्या खेळात एक गढी, दगडी भिंती चाळीस, लाकडी एकही नाही, लोखंडी दारे तीन, कोठारे पाच. गढीला माझ्या सव्वाशे दुपारी लागल्या. यातले काहीही मी कोणाकडून ओरबाडलेले नाही.

मी, वय वर्षे एकाहत्तर, मॅट्रिक पास, घरकाम करणारी, देवाला स्मरून व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावे लागले. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनावर आले आणि पुढच्या ऋण संख्या सांगू का, असे विचारले. दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याची वेळ माझ्यावर का आणली गेली, ते कलम चारमध्ये वाचावे.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व मागची गच्ची, माझ्या मुलीला, तिच्या एकटीच्या नावे. यजमान गेल्यावर छपरापासून नळापर्यंत सगळी डागडुजी मी करून घेतली आहे. भिंत कशाने उभी राहते हे मला कोणी शिकवू नये.

कलम दोन. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. नव्या मोबाइलसाठी नाही. आधीचा चालतो.

कलम तीन. वकीलसाहेबांना खेळ माहीत नसेल, म्हणून सांगते. एका बेटावर पुष्कळ माणसे असतात, ठिकठिकाणची, एकमेकांना न बघितलेली. जो तो आपली गढी बांधतो आणि दुसऱ्याची फोडतो. फोडायला जाण्याला माझे जावई रेड म्हणतात, मी छापा म्हणते. प्रत्येक गढीत एक देखभालपेटी असते. तिच्यात लाकूड आणि दगड असले की भिंती टिकतात. पेटी रिकामी झाली की भिंती झिजू लागतात, तुम्ही संगणक बंद करून बाजारात गेलात तरी. आमच्या टोळीत पाच जण: म्होरके जावईबापू, जे लिफ्ट दुरुस्त करतात; माझी मुलगी; नात; माझे धाकटे दीर, निवृत्त कॅशियर; आणि मी. पाय मोडून खाटेवर होते तेव्हा नातीने मला यात घेतले.

छाप्याला माझा विरोध होता असे जे सांगितले जाते ते खोटे आहे. स्फोटकांना गंधक लागते आणि आमच्या डोंगरात ते नव्हते. ते बाहेरूनच आणावे लागे. माझे म्हणणे एवढेच होते की पाचातल्या दोघांनी घरी राहावे, पेटीत नेहमी तीन दिवसांचा साठा असावा आणि मागच्या सहा लाकडी भिंती दगडी कराव्यात. भिंतींचा विषय मी अकरा वेळा काढला. दर वेळी उत्तर आले, या रेडनंतर बघू. घरी थांबायला कोणी तयार नसे. भाऊजी एकदा थांबले, तर खुर्चीतच घोरायला लागले.

जावईबापू म्हणत, "आई, घरात बसून कोणी जिंकत नाही."

"मग जिंकलेलं ठेवता कुठे? माझ्याच कोठारात ना?"

यावर सगळे हसत. मीही हसत असे. आता नाही.

कलम चार. शुक्रवारी दुपारी पाच वाजता पेटीत अकराशे ओंडके होते. रोजचे साडेतीनशे, तीन दिवसांचे एक हजार पन्नास, आणि वर पन्नास चुकले-माकले म्हणून. माझ्या साठ्याच्या वहीत नोंद आहे. शनिवारी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, म्हणून सर्वांना सांगून, साठा मोजून, प्रार्थना करून मी संगणक बंद केला. शनिवारी चौघेही छाप्यावर गेले. मागच्या भिंती एव्हाना बिस्किटासारख्या भुसभुशीत झाल्या होत्या. शेजारची टोळी आली, तिला स्फोटक वापरायचीही गरज पडली नाही. काठ्यांनी भिंत पाडून पाचही कोठारे नेली.

रविवारी मी डोळ्याला पट्टी लावून बसले असताना जावईबापूंनी सर्वांदेखत निकाल दिला की आई पेटी भरायला विसरल्या, वय झालं, चालायचंच. मुलगी चहाचे कप उचलून आत गेली. भाऊजींनी मान डोलावली.

मी विसरले नव्हते. हिशेब असा आहे. त्या छाप्यासाठी जावईबापूंनी चाळीस स्फोटके केली. हा आकडा त्यांनीच मोठ्या ऐटीत सांगितला. एका स्फोटकाच्या कोळशाला तीस ओंडके जाळावे लागतात. चाळीस गुणिले तीस, बाराशे. शुक्रवारी कोठारांत सुटे लाकूड होते शंभर. त्या दिवशी कोणीही झाड तोडले नाही. बाकीचे अकराशे कुठून आले? पेटीचा कुलूप-आकडा पाचही जणांना ठाऊक होता, आणि पेटीतून कोण काय काढते याची नोंद खेळ ठेवत नाही. म्हणून तर माझी साठ्याची वही होती.

हे मी मुलीला मांडून दाखवले. ती म्हणाली, "आई, खेळ आहे गं तो. सोड ना."

मी म्हटले, "खेळच होता. मग त्याच्यापायी खोटं कशाला बोलायचं?"

कलम पाच. खेळ खेळापुरता राहिला असता तर मी हे कलम लिहिले नसते. पुढच्याच आठवड्यात, आईला आताशा आठवत नाही म्हणून, घरखर्चाची वही मुलगी तिच्या घरी घेऊन गेली. शेहेचाळीस वर्षे ती वही माझ्या हातात होती आणि एकदाही बेरीज चुकली नाही. आता दुधाचे पैसे दिलेत का, असे मला फोनवरून विचारले जाते. शेगडी बंद केलीत ना, असेही विचारतात. एका माणसाला "मी काढले" म्हणवले नाही, म्हणून दुसऱ्या माणसाने जिवंतपणी स्वतःच्या स्वयंपाकघरात संशयित होऊन राहावे, हे देवाला मान्य नसेल आणि मलाही नाही.

कलम सहा. भाऊजींनी आयुष्यभर नोटा मोजल्या. चाळीस गुणिले तीस त्यांना तोंडी येते. त्या दिवशीही आलेच असणार. त्यांना माझे ते कानाला लावायचे यंत्र द्यावे. दुसरे काही नाही.

कलम सात. नवी गढी मी एकटीने बांधली. तिचा आकडा फक्त मला माहीत आहे. तिथून उत्तरेला छापे सोपे पडतील म्हणून जावईबापूंनी तो दोनदा मागितला. दोनदा नकार दिला. गढी माझ्या पश्चात नातीला, या अटीवर की उरलेल्या चौघांतले दोघे घरी राहतील आणि पेटीत तीन दिवसांचा साठा असल्याशिवाय कोणीही पाऊल बाहेर टाकणार नाही. संगणक गढीबरोबर जाईल. बिछान्याजवळची प्रार्थनेची पोथी मुलीला. तिने ती उघडून वाचावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, चष्मा लावून वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली. दोन्ही साक्षीदारांना यातून काही मिळायचे नाही व दोघेही खेळत नाहीत.

लिहून देणार: सही, टोळीत सर्वांची "आई"
साक्षीदार पहिली: सही, शिंपीणबाई, तळमजला
साक्षीदार दुसरे: सही, चष्म्याचे दुकानदार, कोपऱ्यावरचे
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार, सकाळी साडेदहा

ता. क. जावईबापू, ही प्रत तुम्हाला रजिस्टर टपालाने पाठवत आहे, कारण फोनवरचा निरोप पुसता येतो. नोंदणी पुढच्या सोमवारी आहे. त्याआधी "लाकूड मी काढले" हे तीन शब्द तुमच्या अक्षरात, सहीसह आले, तर कलम चार ते सात मी रद्द करीन आणि गढी तुमच्याच नावे लिहीन. तुमच्यासारखा छापा आपल्यात कोणाला जमत नाही, आणि पेटी रिकामी केली की काय होते हे आता तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. घरखर्चाची वही मात्र त्याच पाकिटात घालावी. शब्द येणार नसतील तर तसेही लिहावे, मी वाट बघत बसणार नाही. उलट टपाली कळवावे.